माइकची पाठ

"काका, तुमच्यापेक्षा तुमचा पंखा जास्त स्वच्छ वाचतोय," असं फोनमधल्या बाई म्हणाल्या, आणि कंट्रोलरसाहेबांनी चहाचा कप बशीत असा काही आदळला की बशीचा टवका उडाला.

बाई समोर असत्या तर साहेबांनी त्यांना चार शब्द सुनावले असते. पण बाई रेकॉर्ड झालेल्या होत्या. रेकॉर्ड झालेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही सध्याच्या काळातली फार मोठी गैरसोय आहे. तरीही साहेब भांडले. पंखा पाहिजे नसेल तर तसं आधी का नाही सांगितलं, पंखा काय मी माझ्या हौसेसाठी लावला होता का, उकाड्यात तुम्ही वाचून दाखवा, असं सगळं ते फोनला उद्देशून म्हणाले. फोनमधल्या बाई शांतपणे पुढे बोलत राहिल्या. मागे भांडी घासल्याचा आवाज येतोय, शिवाय कुणीतरी दोनदा शिंकलंय, पण आवाजात दम आहे, तेव्हा नमुना पुन्हा पाठवा, शनिवार ही शेवटची तारीख, असा निरोप देऊन त्या संपल्या.

या बाई दृष्टिहीनांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या वाचनालयाच्या संचालिका. त्या स्वतः पाहू शकत नसत, त्यामुळे लिहिण्याबिहिण्याच्या भानगडीत न पडता सगळे निरोप बोलून पाठवायच्या. याचा तोटा असा की साहेबांचा अपमान घरभर ऐकू यायचा. वाचनालयाला एक जाडजूड सागरी कादंबरी रेकॉर्ड करायची होती आणि तिच्यासाठी वाचक हवा होता. वादळाच्या प्रकरणातली दोन पानं वाचून पाठवायची, ज्याचा नमुना पसंत पडेल त्याला अख्खं पुस्तक. ते महिनोन्महिने वाचायचं आणि गावोगावच्या माणसांनी ते ऐकायचं.

आता हे पुस्तक साहेबांना इतकं का हवं होतं, हे समजायला त्यांची नोकरी माहीत पाहिजे. साहेब बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये बसून घोषणा करायच्या, एवढंच काम. पण ते त्यांनी असं केलं की जणू त्यांच्या शब्दावाचून चाक फिरणार नाही. गाडी कुठे लागेल, कधी सुटेल, का सुटणार नाही, हे सांगताना ते उभे राहायचे. त्यांच्या मते सगळं गाव त्यांच्या आवाजावर उठबस करायचं. मग ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक यंत्र आलं. यंत्रात एका बाईचा आवाज होता. ती गाडी रद्द झाल्याची बातमी जावळाचं आमंत्रण दिल्यासारखी लाडालाडाने सांगायची. साहेब बसस्थानकावरून जाताना कानात बोटं घालून जायचे.

निवृत्तीनंतर लक्षात आलं की आपलं कुणी ऐकत नाही. भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत बोलतो. मुलगी फोनवर "हो बाबा, हो बाबा" म्हणते आणि मागे टीव्ही चालू असतो. बायकोला, जिला इमारतीतले सगळे काकू म्हणत, एखादी गोष्ट सांगायला घ्यावी तर ती नळ सोडते. असं असताना अशी माणसं सापडली होती की ज्यांना ऐकण्यातच रस होता, जी पुस्तक संपेपर्यंत उठून जाणार नव्हती. हे पुस्तक हातचं जाणं म्हणजे साहेबांना कायमचं गप्प बसणं वाटत होतं. आणि त्याच्या आड कोण आलं, तर पंखा.

पंख्याची बातमी वरच्या मजल्यावर पोहोचायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहायचे. ते सल्ला द्यायला खाली आले, आणि सल्ला ऐकून घेतला जात नाही तोवर वर गेले नाहीत.

"साहेब, तुम्ही फोन टेबलावर ठेवून वाचलंत ना? तिथेच चुकलं," ते खुर्ची ओढून घेत म्हणाले. "फोनचा माइक सगळ्यांचं ऐकतो. तुम्हाला फक्त तुमचं ऐकणारा माइक पाहिजे. कॉलरचा. शर्टाला लावायचा. टीव्हीवर मंत्र्यांना असतो तो."

"मला माइकबद्दल सांगताय?"

"तुमचा माइक वेगळा, साहेब. तो ओरडायचा होता. हा बोलायचा आहे." हेडमास्तर उठता उठता म्हणाले, "आणि अगदी नाहीच जमलं तर कळवा. मी पाठवतो एक नमुना. प्रार्थनेनंतर रोज सुविचार मीच सांगायचो."

ते गेल्यावर साहेब बराच वेळ दाराकडे बघत दात खात होते. सुविचार म्हणे. ज्या माणसाचा सुविचार ऐकून मुलं उन्हात चक्कर येऊन पडायची, तो वादळ वाचणार. तिडिकीतच त्यांनी जाऊन कॉलरचा माइक आणला. काडेपेटीतल्या काडीएवढा तो माइक आणि त्याला डोक्यावर केसाळ टोपी. साहेबांनी तो शर्टाच्या दुसऱ्या बटणाखाली लावला, पंखा बंद केला, काकूंना शेजारी बसायला पाठवलं, घाम पुसत दोन पानं वाचली आणि पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. साहेबांनी या वेळी शहाणपणाने दार लावून घेतलं, पण खिडकी उघडी राहिली.

"काका, विचारू नये, पण तुम्ही जेवण झाल्या झाल्या वाचायला बसता का?" बाई म्हणाल्या. "कप्तान बोलायच्या आधी कुणीतरी पोटातून गुरगुरतं. आमच्यातल्या एकांना वाटलं जहाजावर वाघ आहे. आणि शर्टाला खळ फार आहे. तुम्ही श्वास घेतला की कागद चुरगळल्यासारखं होतं. कप्तान ओरडला की आवाज फाटतो तो वेगळाच. तोंडाच्या इतक्या जवळ, इतक्या बारक्या माइकवर असं ओरडू नये. शनिवारपर्यंत एक संधी आहे."

खिडकीखालून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. साहेबांनी खिडकी लावली. त्यांना राग बाईंचा आला, हेडमास्तरांचा आला, शर्टाला खळ घालणाऱ्या इस्त्रीवाल्याचा आला आणि स्वतःच्या पोटाचाही आला, ज्याने नोकरीच्या काळात कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"काहीतरी हलकं खाऊन वाचा," काकू म्हणाल्या.

"प्रश्न खाण्याचा नाही, माइकचा आहे."

"मग माइकला विचारून खा."

यावर साहेबांनी चपला घातल्या. ते सरळ बाजारात, आवाजाच्या सामानाच्या दुकानात गेले.

तिथला दुकानदार मान हलवत हलवत सगळी कथा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने शोकेसमधला सगळ्यात मोठा आणि महाग माइक बाहेर काढून काउंटरवर ठेवलासुद्धा. उभा, जाडसर, वर जाळी, पुढे चकचकीत अक्षरांत कंपनीचं नाव, खाली स्टँड. साहेबांना तो बघताक्षणी आवडला. माइक असा दिसला पाहिजे. काडीला माइक म्हणणाऱ्यांची त्यांना कीव आली.

"हा घ्या साहेब. भिंतीपलीकडे मुंगी चालली तरी पकडतो."

"मला मुंग्या रेकॉर्ड करायच्या नाहीत."

"नाही हो, सांगायचं काय, बारीकातलं बारीक पकडतो. सगळे स्टुडिओवाले हाच नेतात."

स्टुडिओ म्हणजे आवाज बंद केलेली खोली, आणि साहेबांचं घर म्हणजे पंप, कुकर, जिना, गच्चीवरची पोरं आणि वरचे हेडमास्तर. बारीकातलं बारीक पकडणारा माइक अशा घरात नेणं म्हणजे आगीत तेल ओतणं होतं. पण हे दुकानदाराने सांगितलं नाही, कारण त्याला तो माइक विकायचा होता. त्याने दुसरी एक गोष्ट मात्र सांगायला सुरुवात केली होती. "फक्त एक लक्षात ठेवा, याला वरून नाही बोलायचं, याची एक बाजू..." एवढं तो बोलला आणि साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हे बघा, उभा जन्म माइकसमोर गेलाय माझा. तुम्ही दुकान उघडायच्या आधीपासून लोक माझं ऐकतायत. मला माइक शिकवू नका, पिशवी द्या."

दुकानदाराने पिशवी दिली. माइकची बाजू त्याच्या तोंडात राहिली.

आता घर शांत करायचं होतं. पंखा गेला. फ्रिज घरघरतो म्हणून त्याचं बटण बंद झालं. दारावरच्या घंटीची वायर निघाली, त्यामुळे गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तसा परत गेला. भिंतींना गाद्या उभ्या राहिल्या, गाद्यांवर रजया लटकल्या, उरलेल्या उशा खिडकीत कोंबल्या गेल्या. काकूंनी पाठ टेकायला जागा शोधली तर घरात मऊ असं काहीच शिल्लक नव्हतं.

राहिला इमारतीचा पाण्याचा पंप. साहेब सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले आणि शनिवारी सकाळी तासभर पंप बंद ठेवा म्हणाले.

"पंप बंद करायला कमिटीचा ठराव लागेल," सेक्रेटरी म्हणाले.

"तासाभरासाठी?"

"वेळ कितीही असो. बंद करायला एक ठराव आणि परत चालू करायला दुसरा. मागे नुसताच बंद करायचा ठराव झाला होता, तेव्हा तो चालू करायला कुणी तयार होईना." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि साहेब, तुमच्याबद्दल तोंडी तक्रार आहे. तुमच्या घरातून 'बुडालो, बुडालो' असं ऐकू येतं. राहत्या घरात धंदा चालवायला परवानगी नाही."

"तो धंदा नाही, तो कप्तान आहे."

"कप्तानालाही परवानगी नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

साहेब परत येताना प्रत्येक पायरीवर एकेका पदाधिकाऱ्याचा उद्धार करत आले. पण शनिवारी सकाळी नशिबाने पंपच बिघडला. सगळी इमारत बादल्या घेऊन हळहळत होती आणि साहेबांच्या चेहऱ्यावर, त्या आठवड्यात प्रथमच, समाधान होतं.

माइक मांडायची वेळ आली तेव्हा त्यांच्यासमोर एक प्रश्न उभा राहिला: कंपनीचं नाव कुठल्या बाजूला करायचं? प्रश्न उभा राहिला म्हणणंही चूक, तो क्षणभरही उभा राहिला नाही. साहेबांच्या केबिनमध्ये त्यांच्या टेबलावर नावाची पाटी असायची, आणि पाटीचा नियम सरळ असतो. नाव समोरच्याला वाचता आलं पाहिजे. आपलं नाव आपणच वाचत बसणारा अधिकारी कुणी पाहिलाय? साहेबांनी माइक टेबलावर ठेवला, चकचकीत नाव समोरच्या बाजूला केलं, म्हणजे स्वयंपाकघराकडे, आणि आपण त्याच्या पाठीशी ताठ बसले. पाटी ठेवावी तसा माइक ठेवला गेला. तो बघून त्यांना केबिनची आठवण झाली आणि ऊर भरून आला.

स्वयंपाकघराचं दार बंद होत नव्हतं. बाहेरच्या खोलीतला प्लग ठिणग्या मारायचा म्हणून माइक जोडलेल्या, जावयाने दिलेल्या लॅपटॉपची वायर दारातून आत नेली होती. आत काकू होत्या, आणि त्यांना सोबत म्हणून हेडमास्तरांची बायको होती. या माउलीला साहेबांनी आधी हाकलायचंच ठरवलं होतं, पण ती आली होती पंप बिघडल्यामुळे काकूंनी भरून ठेवलेलं पाणी न्यायला आणि बसली ओट्याशी.

"बोलायचं असेल तर कुजबुजा," साहेबांनी दारातून बजावलं. "खोकला आला तर गिळा."

"श्वास घेतला तर चालेल ना?" काकूंनी विचारलं.

"नाकाने."

आणि साहेबांनी वाचायला घेतलं. गाद्यांच्या गुहेत अंगाची लाही लाही होत होती, पुस्तकावर घाम टपकत होता, पण त्या दिवशी त्यांनी असं वाचलं की तोडच नाही. लाटा उसळल्या, डोलकाठी मोडली, खलाशी गुडघे टेकून बसले, आणि कप्तानाने "शिडं उतरवा" अशी आरोळी ठोकली तेव्हा जिन्यातून बादली घेऊन चाललेला एक गृहस्थ थबकला. दोन पानं संपली. साहेबांनी बटण दाबलं आणि लगेच रेकॉर्डिंग पाठवून दिलं. आधी ऐकून पाहावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. एकदा केलेली घोषणा पुन्हा ऐकायची पद्धत त्यांच्या खात्यात नव्हती.

निरोप संध्याकाळी आला. तेव्हा हेडमास्तर सपत्नीक चहाला आलेले होते, किंबहुना साहेबांनीच त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. दारं-खिडक्या उघडून, फोनचा आवाज पूर्ण वाढवून त्यांनी तो टेबलाच्या मधोमध ठेवला.

"काका," बाई म्हणाल्या, "या खेपेचं रेकॉर्डिंग फारच स्वच्छ आलंय."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं.

"पंखा नाही, पोट नाही. तुम्हीही नाही. म्हणजे आहात, पण लांब कुठेतरी, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर कुणी ओरडावं तसे. शब्द कळत नाहीत. तुम्ही माइक उलटा ठेवलात बहुतेक. त्यावर कंपनीचं नाव असतं बघा, ते आपल्या तोंडासमोर करायचं असतं. पाठीमागचं तो टाळतो. तुमच्या माइकने तुम्हालाच टाळलंय."

हेडमास्तरांनी बशीत चहा ओतला आणि तो फुंकायला सुरुवात केली. फुंकण्याची गरज नव्हती, चहा गार झाला होता.

"पण समोर एक बाई कुजबुजत बोलतायत. त्यांचा शब्द न् शब्द लागतो. मी तिथेच थांबवायला हवं होतं, घरातलं बोलणं आहे. नाही थांबवलं, माफ करा. आमच्या समितीनेही शेवटपर्यंत ऐकलं. काका, त्या बाई पुस्तक वाचतील का विचारून बघा. आम्ही उद्यापर्यंत थांबतो."

फोन बंद झाला. काकूंचा चेहरा उतरला होता. हेडमास्तरांच्या बायकोला एकदम वर दूध ठेवल्याची आठवण झाली. दूध नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी हेडमास्तरही ते दूध बघायला तिच्यामागोमाग गेले.

साहेब एक शब्दही बोलले नाहीत. हे भयंकर होतं. ओरडणाऱ्या साहेबांची घराला सवय होती, गप्प साहेब घरात कुणी पाहिले नव्हते. त्यांनी जावयाचे हेडफोन कानाला लावले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"हळू बोला हं," काकूंचा आवाज इतका जवळून आला की साहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "नाहीतर येतील धावत. मला काही नवीन नाही हे. नोकरीत रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, तेव्हा घरात चमचा पडला तरी गुन्हा. आमची मुलगी न बोलता खेळायला शिकली. मला वाटायचं, रिटायर झाले की एक दिवस मनसोक्त भांडी आपटीन. तर हे वादळ आलं."

"पण आवाज काय होता हो साहेबांचा," हेडमास्तरांची बायको म्हणाली. "सगळं गाव ऐकायचं."

"ऐकायचं. कळायचं नाही कुणाला."

साहेबांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

"तो भोंगाच तसा होता. आणि यांचं ओरडणं. सगळं मिळून एकच गुर्रर्र. मी डबा घेऊन जायची ना, तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. काय म्हणाले, काय म्हणाले. मला कळायचं, सवयीने. एकदा एक म्हातारी रडकुंडीला आलेली पाहिली. तिला म्हटलं, आजी, तुमची गाडी पलीकडच्या फलाटावर लागलीय, चला. हाताला धरून बसवून आले. मग ते रोजचंच झालं. डबा दिला की मी बाकावर बसायची. भोंगा वाजला की लोक माझ्याकडे बघायचे, मी सांगायची. कंडक्टरसुद्धा यायचे विचारायला."

"आणि साहेबांना नाही सांगितलंत कधी?"

"काचेत ताठ उभे असायचे. त्यांना वाटायचं, आपण बोललो आणि स्थानक हललं. हलायचंही ते. मग मी कशाला मोडता घालू?"  काकू पुढे बोलल्या तेव्हा ती कुजबुज राहिली नव्हती, दाबून धरलेला राग होता. "पण संताप येतो हो कधीकधी. यांचं बोलणं मी जन्मभर लोकांना समजावून सांगितलं, आणि घरात मी दोन वाक्यं बोलायला गेले की श्श."

मागे, फार लांब, कुणीतरी काहीतरी ओरडलं. ती आज्ञा होती की नुसती बोंब, हे साहेबांनाही कळलं नाही.

हेडफोन काढल्यावर पहिल्यांदा त्यांना राग आला तो भोंग्याचा, मग तो भोंगा बसवणाऱ्या खात्याचा, मग एका शब्दानेही तक्रार न करणाऱ्या त्या सगळ्या प्रवाशांचा. इतकी माणसं, इतकी वर्षं, आणि एकानेही केबिनची काच वाजवून सांगू नये? मग लक्षात आलं की काच वाजवणाऱ्यांना आपण हाकलायचो. राग फिरत फिरत स्वतःपाशी येऊन पोहोचला, आणि तिथे तो साहेबांना अजिबात सोसेना, म्हणून ते तो घेऊन स्वयंपाकघरात गेले.

काकू भांडी घासत होत्या.

"कुणालाच कळत नव्हतं?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"एकालाही?"

"एक पेपरवाला होता, त्याला थोडं थोडं कळायचं. पण तो तुमच्या हातवाऱ्यांवरून ओळखायचा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

काकूंनी हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. घरात काकूंच्या हातून इतक्या जोरात काही आपटलं जाण्याची ही पहिली वेळ होती, आणि आपटणाऱ्याला ते आवडलेलं दिसत होतं. "कधी सांगायचं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलत असताना, की तुम्ही मला गप्प करत असताना? अहो, मधे तिसरी वेळच नव्हती."

साहेबांकडे याला उत्तर होतं. उत्तर त्यांच्याकडे नेहमीच असायचं. या वेळी मात्र त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"ऐकायचे ते लोक तुझं?" त्यांनी विचारलं.

"ऐकायचे की. गाडी पकडायची असायची त्यांना."

साहेब दारात उभे राहिले. रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेला आवाज आणि हा समोरचा आवाज एकच आहे, हे त्यांना जुळवून घ्यावं लागत होतं. या घरात इतकी वर्षं तो आवाज होता आणि त्यांनी तो हेडफोन लावून पहिल्यांदा ऐकला होता. त्यांना लाज वाटली. लाजेची सवय नसल्यामुळे तीही रागासारखीच बाहेर पडली.

"त्या बाईंना काय कळवायचं? वाचतेस की नाही?" ते खेकसले.

काकूंनी हात पुसले, बाहेरच्या खोलीत जाऊन फोन उचलला आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबून बोलायला लागल्या. आधी घसा साफ करणं नाही की उभं राहणं नाही.

"बाई, मी वाचीन. पण मी गाद्यांमध्ये कोंडून घेणार नाही. माझा फ्रिज चालू राहील. दुपारी भांडी झाली की घर शांत असतं, तेव्हा वाचीन. आणि कप्तानाचं ओरडणं मला जमायचं नाही. आमच्याकडे त्यासाठी एक माणूस आहे, पण तो लांब उभा करावा लागेल."

बाईंचं उत्तर लगेच आलं. त्या हसत होत्या. लांबच ठेवा, लांबूनच तो खरा वाटतो, असं त्या म्हणाल्या.

पुस्तक काकूंना मिळालं. हेडमास्तरांनी अभिनंदन केलं आणि काकूंना उच्चारांबद्दल काही सूचना दिल्या, त्या काकूंनी नळ सोडून ऐकल्या. साहेबांनी गाद्या खाली काढल्या, घंटीची वायर जोडली. माइक त्यांनी हलवला नाही. नाव स्वयंपाकघराकडे होतं तसंच राहू दिलं आणि खुर्ची उचलून त्या बाजूला ठेवली.

पहिल्या दुपारी काकू वादळाचंच प्रकरण घेऊन वाचायला बसल्या. डाळ निवडताना बोलावं तशा त्या वाचत होत्या, आवाज न चढवता, आणि तरी खोलीत पाणी भरत चालल्यासारखं वाटत होतं. साहेबांना माइकच्या पाठीमागे, खोलीच्या पार टोकाला, कपाटाला चिकटून उभं केलं होतं. त्यांना खोकला आला, तो त्यांनी गिळला. नाकाने श्वास घेतला. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत. काकूंचं खुणेचं बोट वर होण्याची वाट बघत असतानाच, कपाटाशी उभं राहून पानावर काय होतंय ते ऐकत राहणं इतकं कठीण असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

डोलकाठी मोडली. काकूंनी बोट वर केलं.

साहेबांनी छाती भरून श्वास घेतला आणि आरोळी ठोकली. तावदानं थरथरली. वर हेडमास्तरांच्या घरात काहीतरी पडलं. आरोळी संपल्यावर काकू पुस्तकावरून नजर न काढता माइककडे थोड्या झुकल्या आणि, पुस्तकात नसलेलं, शांतपणे म्हणाल्या, "शिडं उतरवा म्हणतोय."

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माइक चालू होता, वादळ अजून बरंच बाकी होतं आणि पुढची आज्ञाही त्यांनाच द्यायची होती. ते ओठ घट्ट मिटून काकूंच्या बोटाकडे बघत उभे राहिले.